परिचारिकेचा परवाना आणि राज्याची वेस

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहर डेलावेअर नदीच्या काठी वसले आहे. नदीवरचा पूल ओलांडला की कॅम्डेन लागते. मोटारीने दहा-पंधरा मिनिटांची वाट. पण फिलाडेल्फिया पेनसिल्व्हेनिया राज्यात आणि कॅम्डेन न्यू जर्सीत. समजा, कॅम्डेनचे एक गृहस्थ फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात हृदयाची शस्त्रक्रिया करून घरी परतले. तिसऱ्या दिवशी तिथल्या परिचारिकेने फोन करून टाक्यांची चौकशी केली, पायाला सूज आहे का ते विचारले, औषधाबद्दल दोन शब्द सांगितले. कायद्याच्या दृष्टीने ती त्या क्षणी कुठे काम करीत होती? जिथे रुग्ण आहे तिथे, म्हणजे न्यू जर्सीत. तेव्हा तिथे चालणारा परवाना तिच्याकडे हवा. केवळ पेनसिल्व्हेनियाचा परवाना असेल तर एवढ्याशा फोननेही नियमभंग होऊ शकतो.

हा तिढा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेत आरोग्य आणि व्यवसायांचे नियमन हा राज्यांचा अधिकार मानला जातो. परिचारिकांच्या नोंदणीचा तिथला पहिला कायदा १९०३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात झाला. त्याआधी पांढरी टोपी घातलेली कोणीही बाई स्वतःला प्रशिक्षित परिचारिका म्हणवून घेऊ शकत असे. मेरी लुईस वाइश या परिचारिकेने सहकारिणींना एकत्र करून विधिमंडळाच्या पायऱ्या झिजवल्या आणि कायदा करून घेतला. त्या वेळी त्यांच्यापैकी एकीलाही मतदानाचा हक्क नव्हता. तो साऱ्या देशातील स्त्रियांना मिळायला १९२० साल उजाडावे लागले. आमदारांना मतांची भीती घालण्याची सोय नसताना बायकांनी कायदा मंजूर करून घेतला, हे आजही नवलाचे वाटते. पुढच्या वीस वर्षांत सर्व ४८ राज्यांत असे कायदे झाले. मात्र प्रत्येक राज्याची नोंदवही निराळी.

माणसे गावातच जन्मून गावातच नोकरी करीत होती, तोवर हे चालून गेले. पुढे मात्र जाच होऊ लागला. सैनिकांच्या पत्नींचेच पाहा. नवऱ्याची बदली दर दोन-तीन वर्षांनी. नव्या ठिकाणी गेले की पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा बोटांचे ठसे, मग आठवडेच्या आठवडे वाट पाहणे. परवाना हाती येतो न येतो तोच पुढच्या बदलीचा हुकूम! गंमत म्हणजे परवान्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा साऱ्या देशात एकच आहे.

यावर राज्यांच्या परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने आंतरराज्य कराराची तोड सुचवली. आपण राहतो त्या राज्याचा परवाना घ्यायचा आणि करारातील सर्व राज्यांत त्यावर काम करायचे, अगदी मोटार चालवण्याच्या परवान्यासारखे. मात्र ज्या राज्यात रुग्ण, तिथलेच नियम पाळायचे. १९९८ मध्ये युटाने सर्वप्रथम हा कायदा केला. २०१५ मध्ये सुधारित मसुदा आला. त्यात गुन्हेगारी पूर्वेतिहासाची तपासणी आणि बोटांचे ठसे सक्तीचे झाले. २६ राज्यांनी मान्यता दिल्यावर तो अमलात यायचा होता आणि २०१७ च्या जुलैत ते सव्विसावे राज्य ठरले नॉर्थ कॅरोलायना! २०२४ अखेर राज्ये आणि बेटांचे प्रदेश मिळून ४३ ठिकाणी हा कायदा मंजूर झाला होता.

यातली अवघड गोष्ट अशी, की करार सर्वांचा एक असल्याने त्याचा गाभा कोणत्याही विधिमंडळाला बदलता येत नाही. आमदार मंडळींना तर प्रत्येक विधेयकात आपली एखादी ओळ घालायची सवय. म्हणून परिचारिकांच्या संघटना, रुग्णालयांचे प्रतिनिधी, सैनिकांची कुटुंबे यांना राज्याराज्यांत जाऊन, अधिवेशनामागून अधिवेशने हेच पटवावे लागले, की घ्यायचे तर पूर्ण घ्या.

विरोध करणारेही सारेच हेकट नाहीत. मिनेसोटातील परिचारिकांच्या कामगार संघटनेने कराराला सातत्याने विरोध केला. इथल्या परिचारिका संपावर गेल्या तर मालक बाहेरून परवानाधारक परिचारिका सहज आणून बसवतील, ही संघटनांची भीती पोकळ म्हणता येत नाही. मिशिगनच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी डिसेंबर २०२० मध्ये असे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले. राज्याने आपला अधिकार बाहेरच्या मंडळाच्या हाती का द्यावा, हा त्यांचा मुद्दा. ते वर्ष करोनाचे होते. न्यूयॉर्कसारख्या कराराबाहेरच्या राज्यांनी परराज्यांतील परिचारिकांना तात्पुरती मुभा दिली होती. साथ ओसरली, मुभा संपली आणि दारे पुन्हा लागली.

या दारांनी रुग्ण सुरक्षित राहतात काय? चार्ल्स कलन या पुरुष परिचारकाचे उदाहरण अंगावर काटा आणणारे आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातील एकामागून एक रुग्णालयांत तो सोळा वर्षे नोकऱ्या करीत फिरला. डिसेंबर २००३ मध्ये तो पकडला गेला. पुढे त्याने २९ रुग्णांच्या खुनांची कबुली दिली. दोन्ही राज्यांचे रीतसर परवाने त्याच्याकडे होते. संशय आल्यावर रुग्णालये त्याला काढून टाकीत. पुढच्या रुग्णालयाला मात्र कोणी स्पष्ट सांगत नसे. राज्याची वेस त्याला आडवी आली नाही. ती आडवी आली असती कॅम्डेनला फोन करणाऱ्या परिचारिकेला. करारात सहभागी राज्यांनी शिस्तभंगाची माहिती एकमेकांना कळवण्याचे बंधन आहे. संपाच्या भीतीचे उत्तर त्यात नाही, पण रुग्णाच्या दृष्टीने हेच कलम सर्वांत मोलाचे.

कायदा झाला म्हणजे काम झाले असेही नाही. पेनसिल्व्हेनियात २०२१ मध्ये कायद्यावर सही झाली. परंतु केंद्रीय तपास संस्थेला, म्हणजे एफबीआयला, पूर्वेतिहास तपासणीच्या कलमाची शब्दरचना मान्य होईना. सप्टेंबर २०२३ पासून बाहेरच्या परिचारिका आत येऊ शकत होत्या. राज्यातल्यांना मात्र बाहेर जाता येत नव्हते! २०२४ मध्ये कायद्याची दुरुस्ती झाली आणि अखेर जुलै २०२५ मध्ये त्यांना बहुराज्य परवाने मिळू लागले. सहीपासून चार वर्षे.

आपल्याकडेही ही गाठ आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७ च्या कायद्याने मान्यताप्राप्त पदविका-पदवी कोणत्याही राज्याच्या नोंदणीसाठी पुरेशी ठरवली. नोंदवही मात्र राज्यागणिक राहिली. केरळची मुलगी मुंबईत नोकरीला आली किंवा नागपूरची लग्न होऊन दिल्लीला गेली, की जुन्या परिषदेचे ना-हरकत पत्र आणि नव्या परिषदेकडे अर्ज हे ओघानेच आले. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत झाला. त्यात राज्यांच्या नोंदवह्यांबरोबर एका राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे.

तोवर घरातली लेक वा सून परिचारिका असेल आणि परराज्यात निघाली असेल, तर सामान बांधण्याआधी जुन्या परिषदेकडे ना-हरकत पत्राचा अर्ज टाकावा. नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदतही आधी पाहून घ्यावी. मुदत टळलेली असेल तर आधी दंडासह नूतनीकरण आणि मग पत्र, अशा दुहेरी खेपा पडतात. पदवीच्या गुणपत्रिका आणि मूळ नोंदणी प्रमाणपत्र ट्रंकेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावे.