पळत्याच्या पाठी

माणूस का पळतो, या प्रश्नाची आपल्याकडे तीनच उत्तरे ठरलेली होती. कुत्रे मागे लागले म्हणून, पोलीस मागे लागले म्हणून, नाहीतर एस.टी. सुटते आहे म्हणून. यांपैकी एकही कारण नसताना जो पळे, त्याच्याविषयी शेजारीपाजारी हळू आवाजात बोलत. आता काळ बदलला. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ मध्ये, साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन २०१२ मध्ये. विनाकारण पळणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली आणि ही लाट नागपूरमार्गे आमच्या वैनगंगेच्या काठापर्यंत येऊन पोचली. आज भंडाऱ्यातसुद्धा पन्नाशीतले सद्गृहस्थ पहाटे हाफपँट घालून रस्त्यावर दिसतात. त्यांपैकी एक मी. स्वखुशीने मात्र नव्हे!

धावत जाऊन एस.टी. पकडण्यापेक्षा पुढच्या एस.टी.ने जाणे मला नेहमीच अधिक सभ्यपणाचे वाटत आले आहे. शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत मी शिट्टी वाजवणाऱ्या मास्तरांची वही धरून उभा राहत असे. पण वयाच्या चौपन्नाव्या वर्षी रक्तातली साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितले आणि नागपूरच्या भाच्याने त्याचा अर्थ धावायला सांगितले असा काढला. तिथल्या एका स्पर्धेत त्याने माझे नाव परस्पर घालून टाकले. अंतर दहा किलोमीटर. 'मामा, पैसे भरले आहेत, परत मिळत नाहीत,' एवढे एकच वाक्य मध्यमवर्गीय माणसाला पळवायला पुरेसे असते.

दहा किलोमीटर म्हणजे किती, हे भंडारेकराला समजावून सांगावे लागत नाही. 'भंडारा रोड' नावाचे आमचे रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे, आणि ते गावापासून साधारण तेवढेच दूर पडते. एवढ्या वाटेसाठी ऑटोवाल्यांशी घासाघीस करण्यात आमच्या पिढ्या गेल्या. तीच वाट पायांनी, तीही पळत कापायची, आणि शेवटी गाडीही पकडायची नाही, ही कल्पना पचायला मला आठवडा लागला.

मग तयारी सुरू झाली. पहिली तयारी अर्थात बुटांची. किंमत ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, 'एवढ्या पैशात बूट आपणहून पळतात का?' त्यानंतर भाच्याने फोनमध्ये एक सोय करून दिली. तिच्यात एक बाई राहतात. त्या शुद्ध इंग्रजीत 'आता एक मिनिट धावा, आता दोन मिनिटे चाला' असे सांगतात. त्यांच्या हिशेबातले धावण्याचे मिनिट फार लांब असते आणि चालण्याची दोन मिनिटे चुटकीसरशी संपतात, असा माझा अनुभव आहे. धावताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, तेवढ्याच वेगाने धावावे, असा जाणकारांचा नियम. मी तो तंतोतंत पाळला. बोलता यावे म्हणून बहुतेक वेळ उभाच राहत होतो.

गल्लीतून धावणे मात्र तिसऱ्याच दिवशी बंद करावे लागले. आपल्या गावात प्रौढ माणूस पहाटे पळताना दिसला की त्याचा एकच अर्थ निघतो. दारात सडा टाकणाऱ्या बायका हातची बादली खाली ठेवून विचारू लागल्या, 'कोणी गेलं का जी?' एका आजोबांनी तर चौकशी न करता खांद्यावर टॉवेल टाकला आणि ते माझ्या मागे चालू लागले. शिवाय गल्लीतली कुत्री. दिवसभर ज्यांना मी पोळी टाकतो, त्यांनाही माझे हे नवे रूप पटले नाही. शेवटी मी गावाबाहेरचा रस्ता धरला आणि तिथे मला एक वेगळेच भंडारा दिसले.

पहाटेचे पावणेपाच. धानाच्या बांध्यांवर धुके. रस्त्यावर दिवा नाही. आणि त्या अंधारात शेकडो पावलांचा आवाज. वीस-बावीस वर्षांची पोरे घोळक्याघोळक्याने पळत होती. काहींच्या पायांत कॅनव्हासचे जुने बूट, काहींच्या पायांत काहीच नाही. मुलींचा एक घोळका होता. त्यांच्या मागे कोणाचे तरी वडील मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये घेऊन येत होते. सोबतीला सोबत आणि हेडलाइटचा उजेड पुढे पडायला. रस्त्याच्या कडेला दर दोनशे मीटरवर छोटा दगड असतो, हे मी इतकी वर्षे त्या रस्त्याने जाऊन कधी पाहिले नव्हते. या पोरांना प्रत्येक दगड पाठ होता. आठ दगड म्हणजे सोळाशे मीटर. त्यांचे क्रीडांगण म्हणजे हे आठ दगड.

एकाने मला गाठले आणि बरोबरीने धावत अगदी आपुलकीने विचारले, 'काकाजी, तुमची कोणती भरती जी?'

माझ्या वयाचा माणूसही पळतो आहे म्हणजे कसली तरी भरती असणारच, हे त्याने गृहीत धरले होते. मी म्हटले, 'बाबू, माझी साखरेची.' तो खो खो हसला. म्हणाला, 'मंग आरामानं पळा ना जी. तुमाले कोण मार्क देते!'

त्या एका वाक्यात धावण्याच्या दोन जाती स्पष्ट झाल्या. आमची धाव हौसेची आणि त्यांची पोटाची. पोलीस शिपायाच्या भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. त्यांतले २० पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावण्याचे. उरलेले १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांचे. पुरुषांना पूर्ण २० गुण हवे असतील तर १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत संपवावे लागतात. पुढे वीस सेकंद उशीर झाला की २ गुण गेले. मी कुतूहलाने एकदा आठ दगडांवर स्वतःची वेळ लावून पाहिली. साडेतेरा मिनिटे. त्यांच्या तक्त्यात ही वेळ लिहायला रकानाच नाही!

खुल्या वर्गासाठी शिपाईपदाची वयोमर्यादा २८ वर्षांची. सैन्यात अग्निवीर व्हायचे तर त्याहून घाई. २०२२ मध्ये ही योजना आली तेव्हापासून साडेसतरा ते एकवीस हे तिचे साधारण वय, चार वर्षांची नोकरी आणि त्यांतून जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम ठेवण्याची तरतूद. म्हणजे ही पोरे घड्याळाशी धावतात तशी कॅलेंडरशीही धावतात. ज्या जिल्ह्यात धान पिकवून हाती फारसे उरत नाही आणि एकरभराच्या वाटण्या होता होता बांधी अंगणाएवढी होते, तिथे सरकारी नोकरीच्या वाटेवरचे हे पहिले सोळाशे मीटर.

या पोरांनी मला शिष्य म्हणून पत्करले, हे माझे भाग्य. फोनमधल्या बाईंपेक्षा हे गुरू कितीतरी बरे. 'टाच आपटू नका जी, नडगी धरन.' 'खांदे सैल सोडा.' 'चढावर पावलं लहान टाका.' फी शून्य. नडगी तरी धरलीच. डांबरावर रोज धावले की ती धरतेच, हेही त्यांनीच सांगितले. त्यांच्यातल्या अनेकांच्या नडग्या महिनोन्महिने दुखतात. ते त्यावर हळदीचा लेप लावतात आणि पुन्हा डांबरावर येतात. धानाचे ट्रक येतात तेव्हा एकजण ओरडतो, सगळे कडेच्या खडीत उतरतात आणि ट्रक गेला की पुन्हा वर. या उतरण्या-चढण्यात मोडलेले घोटेही मी पाहिले.

स्पर्धेचा रविवार उजाडला आणि मी नागपूरला गेलो. काय तो थाट! आमच्यासाठी रस्ता बंद केलेला. दर दोन किलोमीटरला पाणी. कोपऱ्यावर रुग्णवाहिका. ढोलताशे. मी एक तास चोवीस मिनिटांत, शेवटच्या झाडूवाल्या गाडीच्या थोडा पुढे राहून, शर्यत पूर्ण केली. गळ्यात पदक पडले, हातात केळी आणि पोहे आले. साखर थोडी उतरली. मला याबद्दल तक्रार नाही, उलट अशा स्पर्धा गावोगाव व्हाव्यात असेच वाटते. पण ते पदक गळ्यात असताना मनात हिशेब चालला होता. ज्याला धावलेच पाहिजे असे काही नाही, त्याच्यासाठी वर्षातून दोन तास एवढे मोठे शहर थांबते. ज्याचे सारे आयुष्य धावण्यावर टांगलेले आहे, त्याला वर्षाच्या उरलेल्या दिवसांत एक दिवा मिळत नाही.

कोणी म्हणेल, ही शिपाईगिरीची धावाधाव, तिचा आणि खेळाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्याच मातीतला आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा पाहताना सर दोराबजी टाटांचे लक्ष वेधले ते अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांनी. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा चमू गेला आणि बेळगावचा फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. शंभर वर्षांनीही चित्र फारसे वेगळे नाही. बीड जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला अविनाश साबळे आधी सैन्यात भरती झाला आणि मग तिथे धावपटू झाला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले, पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्याला पदकापर्यंत नेणारी वाट भरतीतूनच गेली. आमच्या आठ दगडांमध्ये असा कोणी नाहीच, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आणि खेळ बाजूला ठेवला तरी जिवाचा प्रश्न उरतोच. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीची ५ किलोमीटरची धाव धावताना काही तरुण कोसळले आणि दगावले. त्यानंतर अंतर कमी झाले, ते योग्यच झाले. पण अंतर कमी करणे हा अर्धा उपाय. उरलेला अर्धा म्हणजे सरावाला नीट जागा आणि सांगायला कोणी जाणता माणूस. तो अर्धा आपण पोरांवर, त्यांच्या बापांच्या मोटारसायकलींवर आणि ट्रक ड्रायव्हरांच्या भलेपणावर सोपवून मोकळे झालो.

तालुक्याला क्रीडा संकुल असावे, असे राज्याचे धोरण सांगते. चांगलेच आहे. पण खेड्यातल्या पोराला पहाटे तालुक्याला जायला गाडी नसते. त्याच्या पायाशी काय आहे ते पाहू. प्रत्येक मोठ्या गावात शाळेचे मैदान आहे आणि त्याच्या फाटकाला कुलूप आहे. ते पहाटे पाच ते सात उघडावे. मैदानावर मातीचे, रोलर फिरवलेले, चुन्याने आखलेले एक रिंगण असावे. चारशे मीटरचे बसत नसेल तर दोनशेचे आखा, पोरे आठ फेऱ्या मारतील. त्यांना आठाचा हिशेब पाठ आहे. दोन दिवे, एक नळ आणि एखादा निवृत्त फौजी. असे फौजी आमच्या गावांत आहेत आणि कोणी बोलावण्याची वाट पाहत बसले आहेत. यात परदेशातून आणावे लागेल असे काय आहे? हा तलावांचा जिल्हा. पूर्वजांनी हातातल्या फावड्यांनी इथे मालगुजारी तलाव बांधले, त्यांच्या पाळी पिढ्यानपिढ्या पाणी अडवून उभ्या आहेत. त्या जिल्ह्याला मातीचे एक रिंगण बांधणे जड जाऊ नये.

मैदान उघडले तर नळाची तोटी चोरीला जाईल, रात्री कोणी पत्ते कुटत बसेल, ही भीती मला ठाऊक आहे. ती खोटीही नाही. पण पत्ते कुटणारे पहाटे पाचला उठत नाहीत, आणि तोटीची किंमत मोडलेल्या घोट्यापेक्षा नक्कीच कमी आहे. किल्ली गावातल्या भरतीच्या पोरांकडेच द्या. ज्याला पोलीस व्हायचे आहे, तो निदान तोटी तरी सांभाळील!

मैदानाने नोकऱ्या वाढणार नाहीत, हेही मान्य. शंभरांतले थोडेच निवडले जातील. मला गुरुमंत्र देणारा तो पोरगा गेल्या खेपेला दोन गुणांनी राहिला. म्हणजे वीस सेकंदांनी. ते वीस सेकंद अंधारात, खडीत की दुखऱ्या नडगीत गेले, हे कोणी सांगू शकणार नाही. पण जे राहिले, त्यांना निदान सारखी वाट मिळाली होती, एवढे तरी आपल्याला म्हणता आले पाहिजे. आज ते म्हणता येत नाही.

हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असे आपले शहाणे लोक सांगत आले. या पोरांच्या हातात सोडण्यासारखे काही नाहीच, म्हणून ती पळत्याच्या पाठी आहेत. त्यांना थांबवायचे शहाणपण आपल्याकडे नसेल, तर पायाखालची जमीन तेवढी सपाट करून देऊ या. आणि एक कडेची पट्टी आम्हा साखरवाल्यांसाठी ठेवा. आम्ही हळू पळतो, कोणाच्या आड येणार नाही.