दोन प्रकारची युनिटं

२००० साली आमच्या घरात दोन प्रकारची युनिटं चालायची. एक विजेच्या बिलावरची. ती वडिलांची जबाबदारी. दुसरी अमेरिकेतून, बर्कलीहून यायची, ती माझी. रात्री सगळे झोपले की मी मॉनिटर बंद करायचो आणि टेबलाखालचा डबा तसाच घरघरत ठेवायचो. वडिलांना हे ठाऊक नव्हतं, कारण मी सांगितलंच नव्हतं.

‘सेटी अ‍ॅट होम’ हा परग्रहावरच्यांचा शोध घेणारा उपक्रम बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १७ मे १९९९ रोजी सुरू केला. पोर्तो रिकोतली अरेसिबोची ३०५ मीटरची रेडिओ दुर्बीण इतर शास्त्रज्ञांच्या कामासाठी आकाश न्याहाळत असताना, १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास जे काही ऐकू येईल ते टेपवर उतरवून घ्यायचं. टेपा टपालाने बर्कलीला. तिथे त्यांचे बारीक तुकडे पाडायचे: प्रत्येकात १०७ सेकंदांची नोंद, साडेतीनशे केबीच्या आत-बाहेर. याला म्हणायचं वर्क युनिट. डायल-अपवर ते काही मिनिटांत उतरायचं, मग फोन मोकळा करायचा आणि आमचा पेंटियम दिवस-दीड दिवस ते चघळत बसायचा.

चघळायचा म्हणजे काय, हे तेव्हा उपक्रमाच्या स्क्रीनसेव्हरवरचे रंगीत डोंगर बघणाऱ्या अनेकांना माहीत नव्हतं. अरेसिबोची थाळी जमिनीत रुतलेली, त्यामुळे पृथ्वी फिरते तसं आकाश तिच्यावरून सरकायचं. एखादा ठिपका तिच्या नजरेतून जायला साधारण १२ सेकंद लागायचे. म्हणजे आकाशातून खरोखर आलेला आवाज या १२ सेकंदांत हळूहळू चढून उतरला पाहिजे. एकदम सुरू होऊन एकदम थांबला तर तो बहुधा पृथ्वीवरच्याच कुठल्या रडारचा. शिवाय जवळून जाणाऱ्या आगगाडीच्या शिटीसारखी पाठवणाऱ्याच्या ग्रहाच्या गतीमुळे पट्टी सरकणार. ती किती सरकेल हे माहीत नाही, म्हणून हजारो शक्यता एकेक करून तपासायच्या. महासंगणकाला परवडणार नाही इतकं हे काम, म्हणून आम्ही. पन्नास लाखांहून जास्त माणसं. त्यातली काही इतकी उत्साही की जास्त युनिटं सोडवणाऱ्यांच्या यादीत वर दिसावं म्हणून खोटे निकाल पाठवायची! परग्रहावरच्यांचा शोध घेताना पृथ्वीवरच्यांवर लक्ष ठेवायला एकच युनिट निदान दोघांकडे पाठवावं लागे.

या सगळ्यामागचं वाक्य होतं: तुमचा संगणक रिकामाच बसलाय, तेवढा वेळ द्या. मला त्या वाक्याबद्दल बोलायचंय. १९९९ मध्ये ते बरंचसं खरं होतं. तेव्हाचे घरगुती संगणक काम करोत न करोत, वीज जवळपास तेवढीच खायचे. आजचा संगणक रिकामा असला की डुलक्या काढतो. त्याला रात्रभर राबवलं, समजा शंभर वॉट जास्तीचे गेले, तर दहा तासांना एक युनिट. महिन्याला तीस. हा आता रिकामा वेळ नाही, वर्गणी आहे.

आणि वर्गणी म्हटली की मराठी माणूस पावती मागतो. गणपती झाल्यावर मंडळाने जमाखर्चाचा फलक लावला नाही तर पुढल्या वर्षी दार अर्धंच उघडतं. सेटी अ‍ॅट होमने युनिटं वाटणं ३१ मार्च २०२० ला थांबवलं. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोचा वरचा सांगाडा थाळीवर कोसळला. फलक मात्र लागला २०२५ मध्ये, दोन शोधनिबंधांच्या रूपात. जमेच्या बाजूला संशयास्पद म्हणून टिपलेल्या १२०० कोटी नोंदी. पृथ्वीवरचा गोंगाट चाळून उरलेल्या साधारण शंभर जागा चीनच्या ‘फास्ट’ दुर्बिणीने पुन्हा बघायला घेतल्या. गणित करायला पन्नास लाख हात मिळाले, पण त्यांनी आणून टाकलेलं धान्य निवडायला बर्कलीत मूठभर माणसं होती. युनिटं वाटण्याचा उत्साह निवडण्याच्या वाट्याला आला नाही, ही माझी तक्रार आहे. काही सापडलं नाही, ही अजिबात नाही. अमुक ताकदीचा संदेश त्या पट्टीत, त्या आकाशात असता तर दिसला असता, एवढं सांगता येणं ही चांगली पावती आहे. उशिरा आली, इतकंच.

‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ हा तसाच दुसरा उपक्रम याबाबतीत शहाणा निघाला. २०१० मध्ये अरेसिबोच्याच नोंदींत त्यांना सेकंदाला ४१ गिरक्या घेणारा एक पल्सार तारा सापडला. तो आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीत माइंट्सच्या एका गृहस्थाच्या संगणकावर उमटला होता. शास्त्रज्ञांनी त्यांची नावं जाहीर केली.

मी हल्ली त्यांचीच युनिटं चालवतो. फक्त थंडीत, कारण एप्रिलमध्ये संगणकाचा पंखा असा कण्हतो की शेजारच्या खोलीतून हाका येतात. वडिलांना मात्र बिलातल्या त्या जुन्या युनिटांचं अजून सांगितलेलं नाही.

— खगोलवेडा