कोरडा नळ आणि अकरा महिन्यांचा करार

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या बाई परवा सकाळी दोन रिकाम्या कळश्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. ‘‘काका, दोन कळश्या पाणी मिळेल का? आमचा व्हॉल्व्ह बंद केलाय.’’ व्हॉल्व्ह बंद का केला, हे मला ठाऊक होते. फ्लॅटच्या मालकाने दीड वर्ष मेंटेनन्स भरलेला नाही, आणि सोसायटीच्या त्या ठरावावर माझीही सही आहे. जन्मभर बँकेत वसुली केलेल्या माणसाला थकबाकीदाराची नस दाबायची सवय असते. नस भलत्याच्याच हाताची दाबली जात होती, ते मात्र कळश्या समोर येईपर्यंत सुचले नाही. मालक राहतो पुण्यात, तिथे त्याच्या नळाला पाणी आहे. बाई भाडे भरतात पाच तारखेच्या आत, आणि नळ कोरडा तो त्यांचाच.

त्या दिवशी कायद्याचे पुस्तक काढून बसलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अमलात आला तो ३१ मार्च २००० पासून. त्याचे कलम २९ वाचून बरे वाटले. पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई या अत्यावश्यक सेवा घरमालकाने योग्य कारणाशिवाय तोडता कामा नयेत. तोडल्या तर भाडेकरूने कोर्टात अर्ज करावा, कोर्ट त्या पूर्ववत करायला लावते. गुन्हा शाबीत झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्यातही एक मार्मिक खुलासा आहे. मालकाच्या करण्यामुळे किंवा न करण्यामुळे नगरपालिकेसारख्या यंत्रणेने पुरवठा तोडला, तरी तो मालकानेच तोडला असे धरायचे. म्हणजे ‘मी कुठे तोडले, त्यांनी तोडले’ ही पळवाट कायदा करणाऱ्यांनी आधीच हेरली होती.

पण बँकेत एक शिकलो होतो, कागद शेवटपर्यंत वाचावा. हे कलम बोलते भाडेकरूविषयी. आणि वसई-विरारमध्ये आज भाड्याने राहणारी बहुतेक कुटुंबे कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतातच. ती असतात ‘लीव्ह अँड लायसन्स’वर, अकरा महिन्यांच्या परवान्यावर. परवानाधारकाला जागेत हितसंबंध नसतो, फक्त वापरायची मुभा असते, हे तत्त्व १८८२ च्या कायद्यापासून चालत आले आहे. मुदत संपल्यावर हलला नाही तर त्याला दुप्पट शुल्काचा दंड आहे. मुदतीत पाणी तुटले तर काय, याबद्दल त्याच्यासाठी कलम २९ सारखी सरळ वाट नाही. करारभंगाचा दावा लावावा, तर निकाल लागेपर्यंत अकरा महिन्यांची किती आवर्तने होतील ते सांगायला ज्योतिषी नको.

माझा भाचा न्यूयॉर्कला भाड्याने राहतो. तिथे १ ऑक्टोबर ते ३१ मे हा ‘उबेचा हंगाम’ कायद्याने ठरलेला आहे. दिवसा बाहेर साधारण १३ अंशांखाली गारठा गेला की घरात २० अंश ऊब द्यायची ती मालकाने. नाही दिली तर एका फोनवर महापालिकेची तक्रार नोंदते आणि तपासनीस येतो. करार किती महिन्यांचा आहे, हे तो विचारत नाही. तिथली ऊब ती इथे पाणी. डिसेंबरात आम्हाला गोधडी पुरते.

आता कोणी म्हणेल, पाणीच नाही तर मालक तरी काय करणार? सूर्या प्रादेशिक योजनेतून १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारच्या वाट्याला यायचे ठरले, आणि २०२३ पासून ते पाणी येऊ लागले. धरण आदिवासींच्या मुलुखात आणि नळ आमच्याकडे, हा हिशेब वेगळाच आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवे. पण पाणी शहरापर्यंत आले म्हणजे जिन्यावरून चढले असे नव्हे. इथल्या कितीतरी इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र नाही. कर्जाच्या फायली चाळताना तो रकाना रिकामा बघायची मला सवयच झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले की या प्रमाणपत्राशिवाय वीज-पाण्याच्या जोडण्या देऊ नयेत. बिल्डरला वेसण घालायला हे योग्यच. मात्र आत आधीच राहायला आलेल्याने काय करायचे? याच प्रश्नाला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेत दुसऱ्या बाजूने हात घातला होता. झोपडी बेकायदा असली तरी त्यातल्या माणसाचा पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, असे न्यायालयाने म्हटले. विजेबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे की मालकाने ना-हरकत दिली नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही.

बाईंच्या हातात मग काय आहे? त्यांचा करार नोंदवलेलाच नाही, शंभराच्या स्टँपवर उरकलेला. हा त्यांचा दुबळेपणा असे मी समजत होतो. कलम ५५ उलटे सांगते. करार नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरायचे, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. आणि मालकाला शिक्षा आहे ती वेगळीच. हे मी त्यांना कागदावर लिहून दिले. पुढच्या करारात मेंटेनन्स थकल्यास तो राहणाऱ्याने भरून भाड्यातून वळता करावा, अशी अट घालून घ्या, असेही सांगितले. ‘‘अट घातली तर जागा कोण देईल, काका?’’ त्या म्हणाल्या. याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

सोसायटीजवळ मात्र आहे. सहकार कायद्यानुसार उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला घेता येतो, आणि थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल होते, सभासदाच्या मालमत्तेवर टाच येऊन. वेळ लागतो, कागद लागतात. व्हॉल्व्ह फिरवायला दोन मिनिटे लागतात.

गेल्या रविवारी कमिटीत मी ठराव मागे घेण्याची सूचना मांडली. ‘‘साहेब, तुम्हीच तर सही केली होती,’’ चिटणीस म्हणाले. अनुमोदक मिळाला नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे. तोवर आमच्या बाथरूमच्या नळाला एक पाइप जोडला आहे, तो खिडकीतून बाहेर काढून तिसऱ्या मजल्यावर नेला आहे. कमिटीने त्याबद्दल मला नोटीस दिली आहे.