माझ्या एकट्याने काय होते?

नळ ठिबकत असतो आणि आपण तसेच पुढे जातो. वर्गात कागद पडलेला असतो. आपण तो ओलांडून जातो. मनात म्हणतो, "माझ्या एकट्याने काय होते?" पण असे चाळीस जण म्हणू लागले, की वर्गाचा उकिरडा होतो. मराठीत 'थेंबे थेंबे तळे साचे' अशी म्हण आहे. उर्दूतही 'कतरा कतरा दरिया' म्हणतातच. आळसही असाच थेंबाथेंबाने साचतो.

मतदानाचेही तसेच आहे. २००८ साली राजस्थान विधानसभेच्या निवडणुकीत नाथद्वारा येथे एक उमेदवार केवळ एका मताने हरला. २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांना सारखीच मते पडली. शेवटी चिठ्ठी काढून निकाल लावावा लागला. घरी बसलेल्या मतदारांपैकी एकाने जरी त्या दोघांपैकी कोणाला मत दिले असते, तर निकाल नशिबावर सोपवावा लागला नसता.

कोणी म्हणेल, असे क्वचितच घडते. खरे आहे; परंतु ते कधी घडेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

१९८९ पासून आपल्या देशात अठराव्या वर्षी मताचा हक्क मिळतो. तुम्हांलाही तो लवकरच मिळेल. तोवर वर्गप्रतिनिधी निवडताना मैत्री न पाहता काम पाहा. आणि हो, जाता जाता तो नळ बंद करा!