खेळाडूच्या खोडी

खेळणे हा दोष नव्हे. हे वाक्य आरंभीच लिहून ठेवतो. कारण मोबाइलवरील व्हिडिओ गेमविषयी वडील माणसे बोलू लागली म्हणजे मुले कान मिटून घेतात, आणि मग हिताची गोष्टही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मुलांनो, तुमच्या हातातील खेळ हिसकावून घ्यावा म्हणून मी लिहावयास बसलेलो नाही. शिवाय हा खेळ कालपरवाचाही नव्हे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाने भेटीस येणाऱ्या पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एका लहानशा गोल पडद्यावर टेनिसचा खेळ तयार केला, आणि तो खेळावयास लोकांनी रांगा लावल्या. मनुष्याला खेळ आवडतो, त्यात नवल ते काय! प्रश्न आहे तो खेळता खेळता अंगी जडणाऱ्या खोडींचा.

खोडींचा हिशेब ठेवण्याची आमच्या महाड तालुक्याची परंपरा जुनी आहे. याच तालुक्यातील शिवथरघळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला असे मानतात, आणि त्या ग्रंथात मूर्खाच्या लक्षणांची भली मोठी यादी आहे. समर्थ आज असते, तर त्या यादीत त्यांना आणखी चारदोन लक्षणांची भर घालावी लागली असती, असे मला वाटते.

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नाते हे गाव लागते. तेथे काय किंवा अन्यत्र काय, संध्याकाळी जेथे मोबाइलला बरी रेंज मिळते अशा एखाद्या ओट्यावर मुलांचा घोळका बसलेला असतो. क्षणभर थांबून त्यांचे बोलणे ऐकावे. जिंकला, तो म्हणतो, "मी मारला!" हरला, तो म्हणतो, "नेट गेले." दुसरा म्हणतो, "जोडीदार कुचकामी मिळाला." तिसऱ्याच्या मते प्रतिपक्ष लबाडी करून खेळला. विजयाचा धनी प्रत्येक जण. पराजयाचा धनी मात्र कोणीच नाही. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण आपल्या पूर्वजांनी मोबाइल येण्यापूर्वी किती तरी वर्षे रचून ठेवली आहे. नेट कधी जात नाही असे मी म्हणत नाही. आमच्या डोंगराळ मुलखात ते जातेच, आणि पावसाळ्यात तर सर्रास जाते. परंतु दहा डावांपैकी दहाही डाव नेटनेच घालविले असे कोणी सांगू लागला, तर त्याच्या खेळाचीच काळजी वाटू लागते. (दूरदर्शनसमोर आरामखुर्चीत बसून प्रत्येक बाद झालेल्या फलंदाजाला अक्कल शिकविणारे आम्ही वडीलही या बाबतीत तुमच्याहून फार वेगळे नाही.)

आता मैदानावरील खेळ पाहा. आपला रायगड जिल्हा कबड्डीचा. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो, आणि त्याच्या बाजूने प्रतिपक्षाचा गडी टिपला तर तो पुन्हा आत येतो. बाहेर बसण्याची ती दोन-चार मिनिटे मोठ्या मोलाची असतात. आपण चढाईत कोठे रेंगाळलो, कोणाचा हात आपल्या पायावर पडला, हे त्याला आता शांतपणे दिसते. मोबाइलवरील बहुतेक खेळांत मात्र हे बाहेर बसणे जवळजवळ उरतच नाही. डाव संपताक्षणीच पडद्यावर 'पुन्हा खेळा' अशी अक्षरे झळकतात. एक बोट टेकले की आधीचा पराभव पुसला जातो, आणि त्याच्याबरोबर त्यातील धडाही पुसला जातो.

यातूनच दुसरी खोड जन्मास येते. तिचे नाव 'आणखी एकच डाव'. हरल्याने गुण कमी होतात, गुण कमी झाल्याने राग येतो, रागाच्या भरात खेळल्याने आणखी चुका होतात, आणि गेलेले गुण भरून काढण्यासाठी पुन्हा एकच डाव मांडला जातो. द्यूतात बसलेल्या युधिष्ठिराची कथा तुम्हांस ठाऊक आहे. प्रत्येक पणाच्या वेळी, या खेपेस फासे आपल्या बाजूने पडतील असे त्यालाही वाटत होते. कापणी झालेल्या भाताच्या खाचरात मुले क्रिकेट खेळतात, तेव्हा कितीही हरले तरी सूर्य मावळला म्हणजे चेंडू दिसेनासा होतो आणि घरी जावेच लागते. मोबाइलच्या पडद्याला सूर्यास्त नाही. तुम्ही जितका वेळ खेळाल तितका लाभ खेळ तयार करणाऱ्याच्या पदरी पडतो. म्हणून रोज हजेरी लावणाऱ्यास तो लहानसे बक्षीस देतो आणि एखादा दिवस चुकविणाऱ्यास ते नाकारतो. हे बक्षीस नव्हे, गळाला लावलेले आमिष आहे, हे ओळखण्याइतके तुम्ही खचित मोठे झाला आहात.

हा सूर्यास्त कायद्याने घडवून आणण्याचे प्रयत्नही झाले. २०२१ साली चीनमध्ये १८ वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळण्याची मुभा ठेवण्यात आली. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली. ती देशाच्या सुरक्षिततेच्या कारणासाठी होती, मुलांच्या सवयींसाठी नव्हे. खेळणारी पुष्कळ मुले लवकरच दुसऱ्या खेळाकडे वळली. खेळ गेला, खोड राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या सूचीत खेळाच्या व्यसनाचा समावेश केला असून ती सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. मात्र जो खेळतो तो प्रत्येक जण आजारी, असा तिचा अर्थ नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, झोप, अभ्यास व माणसे मागे पडतात, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारणपणे वर्षभर चालू राहते, तेव्हा तो आजार ठरतो. असे ज्याच्या बाबतीत होत असेल त्याने लाज न बाळगता आईवडिलांना सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. बाकीच्यांच्या खोडी अद्याप खोडीच आहेत.

जिभेच्या खोडीविषयी थोडेच लिहितो. ज्याचे तोंड दिसत नाही त्याला शिवी देणे सोपे असते. शाळेच्या पटांगणावर ज्याच्या तोंडून अपशब्द निघत नाही, असा मुलगाही कानाला यंत्र लावले म्हणजे अनोळखी जोडीदाराला वाटेल ते बोलतो. तो जोडीदार कदाचित तुमच्याहून लहान असेल, आणि आजच प्रथम खेळावयास बसला असेल.

पैशाची खोड याहूनही चोरपावलांनी येते. पडद्यावरील बाहुल्याला नवा पोशाख चढविण्यासाठी आईच्या मोबाइलमधून तिला न विचारता रुपये खर्चणे, याला खरेदी म्हणत नाहीत. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली नाते येथेच झाला. त्या गावच्या मुलांना हिशेबाचे महत्त्व मी काय सांगावे?

या सर्व खोडींवर मला एक उपाय सुचतो, आणि तो बुद्धिबळाच्या पटावरून घेतला आहे. बुद्धिबळाच्या मोठ्या स्पर्धांत खेळाडू प्रत्येक चाल कागदावर लिहीत जातो. डाव संपल्यावर जेता व पराजित पुष्कळदा शेजारी बसून तोच डाव पुन्हा मांडतात आणि चूक नेमकी कोठे झाली ते शोधतात. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. हरलेल्या डावांचे असे शोधन केल्यावाचून त्या उंचीवर कोणी पोहोचत नाही. तेव्हा हरलात की मोबाइल खाली ठेवा, वही उघडा आणि काय चुकले ते एका वाक्यात लिहा. वाक्य लिहिल्याखेरीज दुसरा डाव नाही. मी जन्मभर मराठी शिकविली, म्हणून व्याकरणाची एक अट घालतो : त्या वाक्याचा कर्ता 'मी' असला पाहिजे.

माझ्या परिचयातील सातवीच्या एका मुलाने ही वही ठेवली. पहिल्या दिवशी त्याने लिहिले, "नेट गेले." कर्ता कोण, असे मी विचारताच तो हसला आणि ते वाक्य खोडून त्याने लिहिले, "मी एकटाच पुढे धावलो." पुढील पानांवर "मी जोडीदाराची हाक ऐकली नाही," "मी रागाने खेळलो," अशी वाक्ये होती. एका रात्रीच्या तारखेखाली, साडेदहाची वेळ नोंदवून, त्याने लिहिले होते, "मी पेंगत होतो." त्या तारखेखाली दुसरी ओळ नव्हती.