चौथ्या वर्षी कोण उरलं?

ऑगस्टच्या अखेरीस कॉलेजांची फील्ड हॉकी सुरू होते आणि न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड भागातल्या आपल्या काही मराठी घरांमध्ये रविवारी संध्याकाळी एकच उद्योग चालतो. मुलीच्या कॉलेजच्या साइटवर सामन्याचा तक्ता उघडायचा, तिच्या नावापुढचा आकडा बघायचा आणि फोन लावायचा. "आज किती मिनिटं खेळवलं गं?" ती म्हणते, "अकरा." पलीकडे दोन क्षण कोणीच बोलत नाही. क्लबची फी, पहाटे चारला निघालेल्या गाड्या, हॉटेलांची बिलं, आणि एवढं करून अकरा मिनिटं!

हा प्रश्न विचारणं थांबवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मी शाळकरी मुलींना हॉकी शिकवते. त्यातल्या काही दरवर्षी कॉलेजच्या संघात जातात. पहिल्या हंगामात त्यांचा धीर मैदानावर जेवढा खचतो, त्याहून जास्त या फोनवर खचतो. बोर्डाच्या निकालाकडे बघावं तसं आपण या मिनिटांकडे बघतो: आकडा लागला, आता मुलगी हुशार की सामान्य ते ठरलं. पण हा आकडा मुलीचा नसतोच. तो त्या वर्षीच्या त्या संघाचा असतो.

जरा हिशेब करू. सामना ६० मिनिटांचा, १५-१५ मिनिटांच्या चार भागांत. मैदानात एका वेळी अकरा जणी, म्हणजे वाटायला एकूण ६६० मिनिटं. त्यातली ६० गोलकीपरची. राहिली ६००. संघात २७ मुली असतील आणि त्यात तीन गोलकीपर असतील, तर ही ६०० मिनिटं चोवीस जणींमध्ये वाटायची. अगदी सारखी वाटणी केली तरी एकीला २५ मिनिटं येतात. प्रत्यक्षात सारखी वाटणी कोणीच करत नाही. मधल्या बचावातल्या दोघी बहुधा पूर्ण सामना खेळतात, कारण तिथे एकमेकींची सवय लागते आणि बदल महागात पडतो. पुढच्या फळीत मात्र सतत ये-जा चालू असते. हॉकीत कितीही वेळा खेळाडू बदलता येतात, त्यामुळे फॉरवर्डने चार-पाच मिनिटं जिवाच्या आकांताने धावायचं, बाहेर यायचं, दम घ्यायचा आणि पुन्हा आत जायचं, हीच पद्धत आहे. तेव्हा फॉरवर्डची १८ मिनिटं आणि सेंटर बॅकची ६० मिनिटं एका रांगेत ठेवण्यात अर्थ नाही. राखीव गोलकीपर तर वर्षभर एक मिनिटही खेळत नाही आणि तरी संघाला ती हवीच असते.

तक्ता आणखी एक गोष्ट लपवतो. गोलला दोन गुण आणि गोल घडवणाऱ्या पासला एक गुण मिळतो. गोलरेषेवर अडवलेला चेंडूही कधीमधी नोंदवला जातो. पण डाव्या बाजूच्या बचावातल्या मुलीने प्रतिस्पर्ध्याला तासभर कडेला कोंडून ठेवलं, तर तिच्या नावापुढे काहीच येत नाही. आपण ज्याला मूल्यमापन समजतो, ते बऱ्याचदा फक्त मोजता आलेल्या गोष्टींची यादी असते.

आता पहिल्या वर्षाच्या मुलीपुढे काय वाढून ठेवलेलं असतं ते बघा. ती ऑगस्टच्या सुरुवातीला कॉलेजात येते आणि महिना संपायच्या आत पहिला सामना असतो. वसंतातल्या खेळांच्या मुलींना संघात रुळायला अख्खा हिवाळा मिळतो, हिला मिळतात जेमतेम तीन आठवडे. शाळेत ती गवतावर किंवा फुटबॉलसाठी घातलेल्या टर्फवर खेळलेली असते. इथे पाणी मारलेली टर्फ असते, चेंडू सुसाट येतो, आणि चेंडू आल्यावर विचार करू म्हणेपर्यंत तो गेलेला असतो. संघाची प्रेसची पद्धत नवी, पेनल्टी कॉर्नरच्या खुणा नव्या, आणि त्यातच केमिस्ट्रीची पहिली परीक्षा. अशा वेळी कोच जिच्यावर तीन वर्षं घाम गाळला आहे त्या मुलीला उतरवणार, हे उघड आहे.

शिवाय हा खेळ आपल्याला वाटतो तेवढा सोपा राहिलेला नाही. अमेरिकेच्या हॉकीचा विषय निघाला की आपल्याकडची जुनी माणसं अजून १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधला भारताचा २४-१ असा विजय सांगतात. तो पुरुषांचा सामना होता आणि त्याला नव्वदहून अधिक वर्षं झाली. १३ जानेवारी २०२४ला रांचीत ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत अमेरिकेच्या महिलांनी भारताला १-० हरवलं. त्या स्पर्धेतून अमेरिका पॅरिसला गेली आणि भारताच्या मुली घरी राहिल्या. रांचीतला तो एकमेव गोल केला अ‍ॅबिगेल टेमरने. ती तेव्हा मिशिगन विद्यापीठाकडून खेळत होती. आपली अठरा वर्षांची मुलगी ज्या मैदानात पाय ठेवते, तिथे समोर अशा खेळाडू असतात. त्याखेरीज नेदरलँड्स, जर्मनी, इंग्लंड, अर्जेंटिनाहून आलेल्या मुली असतात. त्या लहानपणापासून क्लबच्या मोठ्यांच्या लीगमध्ये तयार झालेल्या असतात आणि काही जणी वयानेही वर्षभर मोठ्या असतात.

"पण अमकी तर पहिल्याच वर्षी खेळली" असं कोणी म्हटलं की नाव हमखास एरिन मॅट्सनचं निघतं. नॉर्थ कॅरोलायनाकडून खेळताना तिने २०१८, २०१९, २०२० आणि २०२२ अशी चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. २०२३च्या जानेवारीत, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याच संघाची मुख्य प्रशिक्षक झाली आणि त्याच वर्षी पाचवं विजेतेपद आणलं. पण कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच ती अमेरिकेच्या मुख्य राष्ट्रीय संघातून खेळलेली होती. तिच्या मापाने बाकीच्या मुली मोजणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मागच्या काही वर्षांत नियमांनीही नव्या मुलींची वाट अरुंद केली. कोविडमुळे २०२०च्या हंगामातल्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळालं. त्यामुळे पुढची तीन-चार वर्षं तेवीस वर्षांच्या अनुभवी मुली जागा धरून होत्या. २०२१ किंवा २०२२मध्ये दाखल झालेल्या मुलीच्या मिनिटांवरून यंदाच्या मुलीचा अंदाज बांधायचा नाही, तो याचसाठी. मग संघ बदलण्याचे नियम सैल झाले. पुन्हा संघ बदलणाऱ्यांना एक वर्ष बाहेर बसवणारी अटही गेली आणि कोचला दुसऱ्या कॉलेजातून तयार खेळाडू आणणं आणखी सोपं झालं. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात जून २०२५मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांमध्ये फील्ड हॉकीच्या संघाला २७ची मर्यादा आली. पूर्वी डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, मर्यादा होती १२ शिष्यवृत्त्यांची, त्याही तुकड्या करून वाटल्या जायच्या, पण मुली किती ठेवाव्यात यावर बंधन नव्हतं. आता कागदावर २७ही जणींना शिष्यवृत्ती देता येते, मात्र बहुतेक कॉलेजांकडे तेवढा पैसाच नाही. जागा मोजक्या झाल्या की कोच धोका पत्करायला कचरतो, आणि सतरा वर्षांची मुलगी हा त्याच्या दृष्टीने धोका असतो.

हे सगळं ठरतं कधी? डिव्हिजन वनचे कोच मुलीशी पहिल्यांदा थेट बोलू शकतात ते दहावीनंतरच्या १५ जूनला. २०१९मध्ये हा नियम येण्याआधी तर नववीतल्या मुली तोंडी होकार देऊन बसायच्या. ही तारीख आली हे चांगलंच झालं. तरीही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला बघून अठरा-एकोणीस वर्षांची खेळाडू ओळखायची, हे काम अवघडच राहतं. या वयात उंच, वेगवान, लवकर वाढलेली मुलगी उठून दिसते. दोन वर्षांनी बाकीच्या तिला गाठतात आणि मग जिचं तंत्र पक्कं ती पुढे जाते. 'देशातल्या पहिल्या पन्नास' छापाच्या याद्या या लवकर दिसण्याच्या याद्या आहेत. आपले पालक त्या एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण यादीत नाव नसलेली मुलगीही तो मेसेज वाचते.

अनुभवी कोच वेगळं काहीतरी बघत असतात. मोठ्या स्पर्धेत एका वेळी अनेक मैदानांवर सामने चालू असतात आणि कडेला घडीच्या खुर्च्यांवर कॉलेजांचे कोच वही घेऊन बसलेले असतात. त्यांच्याशी बोलताना मी वारंवार एकच ऐकलं आहे की गोल त्यांना कोणीही सांगतं, ते बघतात चेंडू नसतानाची मुलगी. चेंडू येण्याआधी तिने मान वळवून मागे पाहिलं का? चेंडू घेतला तेव्हा अंग कोणत्या दिशेला वळलेलं होतं? चेंडू गेल्यावर पहिली तीन पावलं कोणत्या दिशेने पडली? मैत्रिणीने चूक केली तेव्हा हिने हात वर उडवले की मागे धावली? बदलून बाहेर आल्यावर बाकावर ती सामना बघत होती की तोंड पाडून बसली? म्हणूनच गोलांचे तुकडे जोडून केलेल्या तीन मिनिटांच्या व्हिडिओवर त्यांचं समाधान होत नाही, ते अख्खा सामना मागतात. आपण मात्र पैसे देऊन त्या तीन मिनिटांना संगीत लावून घेतो.

मग कॉलेज निवडताना बघायचं काय? माझं उत्तर एकच आहे. तीन वर्षांपूर्वीची संघाची यादी काढा. कॉलेजांच्या साइटवर जुन्या याद्या असतात. त्यात पहिल्या वर्षाला कोण कोण होतं ते एका कागदावर लिहा आणि यंदाच्या यादीत त्यातल्या कोण अजून आहेत ते बघा. सात आल्या आणि चौथ्या वर्षी सहा आहेत, तर त्या कोचला मुली घडवता येतात आणि सांभाळताही येतात. सात आल्या आणि दोन उरल्या, तर बाकीच्या कुठे गेल्या ते शोधा. एखादी आजारी पडली असेल, एखादीला दुसरा विषय शिकायचा असेल, ते सोडून द्या. पण चार-पाच वर्षांच्या याद्यांमध्ये तेच दिसलं तर तो कोचचा स्वभाव आहे. मग पुढची पायरी: ज्या उरल्या त्या पहिल्या वर्षी किती सामन्यांत उतरल्या होत्या आणि तिसऱ्या वर्षी किती? दोनचे सतरा झाले असतील तर तिथे खेळाडू वाढतात. हे करायला एक संध्याकाळ पुरते, आणि मुलीला बरोबर घेऊन केलं तर तिलाही कळतं की पहिल्या वर्षी बाकावर बसलेली मुलगी पुढे कर्णधार होऊ शकते.

आपल्या घरांत आयव्ही लीगची आणि मिडलबरी, विल्यम्स, टफ्ट्ससारख्या कॉलेजांची ओढ जास्त. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, मात्र कोचने पाठिंबा दिला तर प्रवेशाला मोठा हातभार लागतो. काही पालक उघडपणे म्हणतात, "आत गेली की हॉकी सोडली तरी चालेल." मला हे मुळीच पटत नाही. कोचने आपल्या हातातल्या थोड्या जागांपैकी एक तिला दिलेली असते, आणि ती दुसऱ्या एखाद्या मुलीला मिळाली नाही. शिवाय ही कॉलेजं खेळाच्या बाबतीत नवशिकी आहेत हा समजही चुकीचा आहे. प्रिन्स्टनने २०१२मध्ये डिव्हिजन वनचं विजेतेपद जिंकलं आहे, आणि डिव्हिजन थ्रीमध्ये मिडलबरीने २०१७ ते २०२३ या काळात झालेली प्रत्येक राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. तिथेही पहिल्या वर्षी जागा आयती मिळत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे: खेळल्याशिवाय खेळाडू सुधारत नाही. चार वर्षं बाकावर बसून कोणीही मोठं झालेलं नाही, आणि खेळायची इच्छा ही चूक नाही, तीच तर मुलीला पहाटे उठवते. माझं म्हणणं मुदतीबद्दल आहे. पहिला हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा असतो. त्यावर निकाल देऊ नका. वसंतात मोजके सामने होतात, तिथे कोच नव्या मुलींना वेगवेगळ्या जागी खेळवून बघतात, आणि पुढच्या शरदातला संघ बराचसा तिथेच आकार घेतो. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीसही काही हललं नसेल आणि कोच नेमकं काय कमी पडतंय ते सांगत नसेल, तर मुलीने दुसरीकडे जावं आणि ताठ मानेने जावं. नुसती मिनिटं मिळाली म्हणून मुली टिकतात असंही नाही. अ‍ॅशली सेसा पहिल्याच वर्षी, २०२२मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाच्या विजेत्या संघात होती आणि नंतर ती नॉर्थवेस्टर्नला गेली. जागा बदलायची कारणं खेळाडूला माहीत असतात, तक्त्याला नाही.

कोचला भेटाल तेव्हा "पहिल्या वर्षी खेळवाल ना?" हे विचारू नका. प्रामाणिक कोचला याचं उत्तर देता येत नाही आणि अप्रामाणिक कोच ते लगेच देतो. विचारायचं ते हे: तिच्या जागेवर सध्या कोण आहे आणि ती कधी पदवीधर होते? त्याच जागेसाठी परदेशातून किंवा दुसऱ्या कॉलेजातून कोणी येत आहे का? न खेळणाऱ्या मुलीशी तुम्ही दर किती दिवसांनी बोलता आणि काय बोलता? आणि हे प्रश्न मुलीनेच विचारू द्या. आई-बाबा शेजारी गप्प बसलेले चालतील.

आपल्या मराठी मंडळाकडेही एक मागणी आहे. मंडळात कॉलेज हॉकी खेळलेल्या आणि खेळत असलेल्या मुली आहेत. संक्रांतीच्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी एक तास त्यांना द्या आणि समोर आठवी ते दहावीच्या मुली आणि त्यांचे पालक बसवा. १५ जूनच्या आधी हे झालं पाहिजे, कारण त्या दिवशी फोन वाजू लागले की शांतपणे ऐकायला कोणाला सवड नसते. चार वर्षं पूर्ण केलेल्या मुलींना आधी बोलू द्या, आणि एक हंगाम खेळून सोडून दिलेल्या मुलीलाही अवश्य बोलवा. याद्या कशा काढायच्या आणि कशा वाचायच्या ते दाखवायला मी लॅपटॉप घेऊन येईन.