फोटो पाहिला, आता चौकशी करा

हिंजवडीच्या नोकरीमुळे सूसला राहायला आलेल्या बऱ्याच घरांत आता मोबाईलवरच स्थळे पाहतात. माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे अब्बा विवाहाच्या संकेतस्थळावर तिची माहिती भरत होते. रंग, उंची, स्वयंपाक लिहून झाले. ती म्हणाली, "अब्बा, निकाहनंतरही मी नोकरी करणार, तेही लिहा ना." घर गप्प झाले.

मुले स्वतः माहिती भरतात, फोटो पाहून एका रात्रीत दहा ठिकाणी पसंती कळवतात. मुलगी एकाच स्थळापाशी आठ दिवस थांबते. याची नोकरी खरी आहे का? आधी निकाह झालाय का? माझ्या फोटोचा गैरवापर होणार नाही ना?

या चौकशीला आपण आगाऊपणा म्हणतो. पण हजरत खदीजा (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) सचोटी पारखून नफीसा यांच्यामार्फत पैगाम पाठवला होता. हजरत खन्सा (रजि.) यांचा वडिलांनी मर्जीविरुद्ध लावलेला निकाह प्रेषितांनी (स.) रद्द केला.

केंद्र सरकारच्या जून २०१६च्या सूचनेनुसार अशा संकेतस्थळांनी ओळखीचे कागद घ्यायचे असतात. पण कागदावरून स्वभाव कळत नाही. मोहल्ल्यात, कामाच्या ठिकाणी विचारा. घरच्यांसमोर भेट ठेवा आणि मुलीलाही बोलू द्या. मुलांनीही फोटोपलीकडे विचारायला शिकावे.

त्या अब्बांनी शेवटी ती ओळ लिहिली. दोन स्थळे मागे फिरली. निकाहनंतर कळण्यापेक्षा आधी कळले, अल्हम्दुलिल्लाह.